आंभोऱ्याचं पान

‘माझी आवडती रहस्यकथा’ या विषयावर बोलाल का, असा आकाशवाणीवरून फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हटलं. कवीला कवितेखेरीज दुसऱ्या कशावर बोला म्हटलं की तो हुरळतो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की मला जी रहस्यकथा सांगावीशी वाटते ती कुठल्याच पुस्तकात छापलेली नाही, आणि तिच्यातला गुन्हेगार मी स्वतः आहे. पस्तीस वर्षं ती मी कुणाला सांगितली नव्हती. गेल्या वर्षी एका माणसाला सांगितली, आता तुम्हाला सांगतो.

श्रोतेहो, माझ्या पिढीतल्या बहुतेकांप्रमाणे मीही बाबूराव अर्नाळकरांवर वाढलो. झुंजार आणि काळा पहाड यांनी आमच्या सुट्ट्या खाल्ल्या. अब्बा आठवडी बाजारांत बांगड्या विकायचे. बांगड्यांच्या पेटीमागे बसून मी वाचनालयाची पुस्तकं फस्त करायचो, आणि बायांच्या हातात बांगडी चढताना त्या ‘आई गं’ म्हणाल्या की मला वाटायचं, पुस्तकातच कुणीतरी किंचाळलं. पुढे बी.ए. झालो, थोडं इंग्रजी जमायला लागलं, तेव्हा कळलं की रहस्यकथेची आणखी एक जात आहे. तिच्यात पिस्तूल नसतं. विद्यापीठाचं आवार, जुनी झाडं, ग्रंथालय, चहाचे कप आणि एकमेकांचं तोंड न पाहणारे प्राध्यापक असतात. सीताबर्डीच्या फुटपाथवर मला डोरोथी सेयर्सची ‘गॉडी नाइट’ मिळाली. १९३५ साली निघालेली कादंबरी. ऑक्सफर्डमधलं बायकांचं एक काल्पनिक कॉलेज, तिथे निनावी घाणेरडी पत्रं येऊ लागतात, एका विदुषीच्या हस्तलिखिताची नासधूस होते. चारशेच्या वर पानं, आणि खून एकही नाही. सेयर्सबाई स्वतः ऑक्सफर्डच्या. तिथे बायकांना पदवी द्यायला सुरुवात झाली ती १९२० साली, आणि त्या पहिल्या पदवीधर बायकांत या होत्या. म्हणजे घरातलं भांडण घरातल्या माणसानंच लिहिलेलं.

ज्यांना ती वाचायची आहे त्यांची माफी मागून सांगतो, त्या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी एक कागद असतो. एका संशोधकाला आपला सिद्धान्त मोडणारं एक जुनं पत्र सापडलेलं असतं आणि त्यानं ते दडवलेलं असतं. एक प्राध्यापिका ते उघडकीला आणते, त्याची पदवी जाते, नोकरी जाते, आणि पुढचं सगळं रामायण त्यातून घडतं. मी त्या जागी पोचलो आणि पुस्तक मिटवलं. माझ्याही ट्रंकेत एक कागद होता.

आता आमचं कॉलेज. नाव सांगत नाही. जिल्ह्यातलंच, नागपूर विद्यापीठाला जोडलेलं. १९८८ साली मी तिथे दाखल झालो. मराठी विभागात दोन सर होते. एक मराठवाड्यातून आलेले, आंबेजोगाईच्या पंचक्रोशीतले. दुसरे आमच्याच वैनगंगेच्या काठचे. मराठवाड्याचे सर उंच, बारीक, कायम खादीचा शर्ट. नदीकाठचे सर बुटके, पानाचे शौकीन, वर्गात येताना एक डोळा मिचकावून यायचे. दोघांचे वर्ग समोरासमोर होते. स्टाफरूममध्ये एक चहाला आला की दुसरा उठायचा. आम्ही पोरं म्हणायचो, पगारवाढीचं भांडण असेल, विभागप्रमुखपदाचं असेल. तसं काही नव्हतं. भांडण होतं मुकुंदराजांवरून.

मुकुंदराज म्हणजे मराठीचे आद्यकवी, ‘विवेकसिंधु’ त्यांचा ग्रंथ, शके १११० म्हणजे इसवी सन ११८८ मधला, ज्ञानेश्वरीच्या शंभरेक वर्षं आधीचा. शाळेत आपण एवढं पाठ करतो आणि पुढे जातो. पण या एका वाक्यातल्या जवळजवळ प्रत्येक शब्दावर विद्वानांची मारामारी आहे. आद्यकवी का? शके १११० खरं का? आणि हे गृहस्थ कुठले?

ग्रंथात एका ठिकाणी वैन्यागंगेचा काठ आणि तिथली मनोहर अंबानगरी यांचा उल्लेख येतो. नदीकाठच्या सरांच्या लेखी खटला इथेच संपत होता. वैन्यागंगा म्हणजे आमची वैनगंगा, आणि अंबानगरी म्हणजे आंभोरा. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगतो, भंडाऱ्याहून नदीच्या खालच्या अंगाला गेलात की वैनगंगेला कन्हान येऊन मिळते, आणि त्याच जागी आंब, मुर्झा, कोलारी या लहान नद्यांचंही नाव घेतात. पाच नद्यांचा संगम. टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ, आणि हरिनाथांची समाधी. आदिनाथ, हरिनाथ, रघुनाथ, मुकुंदराज अशी गुरुपरंपरा सांगतात, म्हणजे हरिनाथ हे मुकुंदराजांच्या गुरूंचे गुरू. कागदोपत्री आंभोरा नागपूर जिल्ह्यातल्या कुही तालुक्यात पडतं, पण मधे फक्त पाणी. अलीकडचा काठ भंडाऱ्याचा. शिवरात्रीच्या जत्रेला आमच्याकडचे लोक डोंग्यात बसून पलीकडे जायचे, अब्बाही पेटी डोक्यावर धरून जायचे, आणि रेतीवर चादर अंथरून बांगड्या मांडायचे. कुहीच्या, पवनीच्या, भंडाऱ्याच्या बाया तिथे बांगड्या भरायच्या. पाच नद्यांसारख्याच त्याही तिथेच भेटायच्या.

मराठवाड्याचे सर म्हणायचे, नदीचं नाव ऐकून नाचू नका. अंबा आमची. आंबेजोगाईची योगेश्वरी, तिच्या नावानं गाव. मुकुंदराजांची समाधी आमच्याकडे, बालाघाटाच्या दरीत, अजून लोक दर्शनाला जातात. नदी म्हणाल तर आमची वाण आहे. दासोपंतांसारखा कवी, सोळाव्या शतकातला, ज्यानं गीतेवर लाखाच्या वर ओव्या लिहिल्या आणि कापडाच्या लांबलचक पासोडीवरही ग्रंथ लिहिला, तोही आमच्या गावचा. कवींचं गाव आहे आमचं, तुमचं जत्रेचं. (या शेवटच्या वाक्यावर आमचा अख्खा वर्ग चिडला होता.)

आज विदर्भात कुणालाही अंबानगरी म्हणा, तो अमरावती समजतो. तिथे अंबादेवी आहे. तेव्हा नावावर फार विसंबू नये हे खरंच. पण विसाव्या वर्षी हे कुणाला कळतं?

बरं, दोघांच्याही गळ्यात अडकणारे काटे ग्रंथात आहेत. ग्रंथ जयत्पाळासाठी रचला. तो बल्लाळाचा मुलगा आणि नृसिंहाचा नातू, असं त्यात येतं. हा जयत्पाळ कोण? देवगिरीच्या यादवांत जैत्रपाल होऊन गेला, त्याला जैतुगीही म्हणतात. पण त्याचा बाप पाचवा भिल्लम, बल्लाळ नव्हे. दुसरीकडे मध्य प्रदेशात बैतूलजवळ खेरल्याचा किल्ला आहे, तिथे राजा जैतपाळाची गोष्ट अजून सांगतात. घोड्यावर मांड टाकायला लागतो तेवढ्या वेळात मला ब्रह्म दाखवा, असा या राजाचा हट्ट, आणि न दाखवणाऱ्या साधूंना तो कामाला जुंपायचा. मुकुंदराजांनी त्याला वठणीवर आणलं. गोष्ट झकास आहे, पण गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे. म्हणजे तिसरंही गाव रांगेत उभं! शेवटी राजा शारंगधर राज्य करत असल्याचा उल्लेख आहे. शके १११० मध्ये देवगिरीवर भिल्लम होता. हा शारंगधर यादवांच्या वंशावळीत बसत नाही.

त्यात भाषेचा घोळ निराळाच. विवेकसिंधु आज आपण वाचतो तेव्हा तो ज्ञानेश्वरीपेक्षा सोपा वाटतो. शंभर वर्षं आधीचा ग्रंथ जास्त सोपा कसा? एक उत्तर असं, की लोक तो पिढ्यान्‌पिढ्या उतरवून घेत राहिले आणि प्रत्येक लेखनिकानं आपल्या काळची मराठी त्यात मिसळली. ज्ञानेश्वरीचंही तेच झालं होतं, म्हणून तर एकनाथांना शके १५०६ मध्ये ती शुद्ध करावी लागली. विवेकसिंधूला एकनाथ मिळाला नाही. दुसरं उत्तर असं, की ग्रंथ मुळात नंतरचाच आहे, आद्य वगैरे काही नाही. हे दुसरं उत्तर दोन्ही सरांना मान्य नव्हतं. एवढ्या एका बाबतीत त्यांची युती होती.

मराठीत अशा लढाया जुन्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनी, ज्ञानेश्वरी लिहिणारा ज्ञानदेव वेगळा आणि अभंग लिहिणारा वेगळा, असं मांडलं तेव्हा केवढी खळबळ उडाली होती. आमच्या दोन सरांचं भांडण त्यामानानं किरकोळ. पण त्यांना ते किरकोळ नव्हतं.

आता गुन्ह्याकडे येतो. ग्रंथालयात विवेकसिंधूची एकच प्रत होती. १९९० च्या पावसाळ्यात एके दिवशी मराठवाड्याचे सर ती उघडतात, तर नेमकं ते पान नाही. ब्लेडनं शिवणीजवळ साफ कापलेलं. कॉलेजात बॉम्ब फुटला असता तरी एवढा गोंधळ झाला नसता. नदीकाठचे सर म्हणाले, ‘‘ज्याला तो उल्लेख खुपत होता, त्यानंच कापलं.’’ मराठवाड्याचे सर म्हणाले, ‘‘मी त्या पानाच्या समासात आक्षेप लिहिले होते. ज्याला त्याची उत्तरं येत नव्हती, त्यानं कापलं.’’ म्हणजे हेतू दोघांनाही होता. पुस्तक दोघांच्याही नावावर वारंवार चढलेलं. अर्नाळकर असते तर दुसऱ्या प्रकरणात झुंजारला बोलावून मोकळे झाले असते. प्राचार्यांनी चौकशी केली, ग्रंथपालांना बोलणी बसली, शिपायाला उगाच दोन दिवस उभं केलं. त्या शिपाई मामांची आठवण झाली की अजून मान खाली जाते.

पान मी कापलं होतं.

कारण सांगतो, समर्थन म्हणून नव्हे. त्या वर्षी कुणीतरी अब्बांना बाजारात विचारलं, ‘‘तुमचा पोरगा मराठी घेऊन का शिकतो? उर्दू नाही का त्याला?’’ अब्बा घरी येऊन गप्प बसले. मी त्यांना सांगितलं, मराठीतला पहिला ग्रंथ आहे ना, त्यात आपल्या नदीचं नाव आहे. तुम्ही शिवरात्रीला बसता, त्या आंभोऱ्याचं. अब्बांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘‘लिखा हुआ दिखा.’’ संदर्भग्रंथ घरी देत नसत. झेरॉक्सचं मशीन गावात होतं, पण पुस्तक बाहेर न्यायला सही लागायची, आणि सही मागायला गेलो तर कुठल्या सरांकडे जायचं हाही प्रश्नच होता. दाढीचं अर्धं ब्लेड खिशात घालून गेलो.

अब्बांना मराठी अक्षर ओळखता यायचं, हळूहळू जोडून वाचायचे. त्यांनी बोट ठेवून नदीचं नाव वाचलं. दोनदा वाचलं. मग पान उलटं करून मागची बाजू पाहिली, आणि विचारलं, ‘‘ये पेन्सिल से किसने लिखा?’’

मी पान घाईत कापलं होतं. समास पाहिलाच नव्हता. आता पाहिला. मराठवाड्याच्या सरांच्या अक्षरात आक्षेप होते, ते मला ठाऊक होतं. पण त्यांच्याखाली नदीकाठच्या सरांच्या अक्षरात उत्तरं होती. आणि उत्तरांखाली पुन्हा प्रश्न. ‘नकाशा पाहा.’ ‘पाहिला. गुरूचं गाव म्हणजे शिष्याचं गाव नव्हे.’ ‘मान्य. पण समाधी म्हणजे जन्मगाव तरी कुठे?’ ‘हेही मान्य. मग जयत्पाळ?’ बारीक बारीक पेन्सिलीत, आडवं, उभं, मागच्या बाजूपर्यंत. कुठे तारखा होत्या. सात वर्षांचा पत्रव्यवहार होता तो. चहाला एकमेकांचं तोंड न पाहणारी ही दोन माणसं ग्रंथालयातल्या त्या पुस्तकात एकमेकांना भेटत होती. सगळ्यात खाली मराठवाड्याच्या सरांनी लिहिलं होतं, ‘शारंगधर कोण?’ त्याखाली जागा मोकळी होती.

मी ते पान परत ठेवायला हवं होतं. ठेवलं नाही. आधी भीती वाटली, नाव काढून टाकतील. मग दोघांनी उघड लेखी तक्रारी केल्या, तेव्हा वाटलं, आता फार उशीर झाला. मग परीक्षा आल्या. माणूस असाच एकेक महिना पुढे ढकलतो. मराठवाड्याच्या सरांनी पुढच्याच वर्षी बदली करून घेतली. निघायच्या आधी त्यांनी मला बोलावून रा. चिं. ढेऱ्यांचं ‘मुसलमान मराठी संतकवी’ हे पुस्तक हातात दिलं. म्हणाले, ‘‘कुणी तुला विचारलं ना, तू मराठीत कसा, तर यातल्या शेख महंमदांचं नाव सांग. श्रीगोंद्याचे. ‘योगसंग्राम’ लिहिणारे. भांडत बसू नको, वाचायला सांग.’’ मला त्या क्षणी सांगता आलं असतं. मी पुस्तक घेतलं, आणि पायाही पडलो.

पुढे मी कविता लिहू लागलो, नोकरी लागली, लग्न झालं. जिथे जाईन तिथे कवितेच्या आधी माझी एक ठरलेली प्रस्तावना असायची, की मराठीच्या पहिल्या कवीनं जिथलं पाणी प्यालं तिथला मी. टाळ्या हमखास. एकदा कविसंमेलनाला आंबेजोगाईला बोलावणं आलं. तिथे ही प्रस्तावना ओठावर आली आणि गिळली. दुसऱ्या दिवशी सकाळी समाधीवर गेलो. दरीत उतरताना पायऱ्यांवर गारवा होता. एक म्हातारी माळा विकत बसली होती. मी तिला विचारलं, ‘‘मुकुंदराज इथलेच का हो?’’ ती म्हणाली, ‘‘मंग कुठले?’’ तिच्या आवाजात अगदी आमच्या आंभोऱ्याच्या बायांचाच ठाम सूर होता.

तिथून आल्यावर मी पहिल्यांदा ते पान खऱ्या अर्थानं वाचायला घेतलं, म्हणजे समास. मी काही संशोधक नाही. मोडी येत नाही, ताम्रपट वाचता येत नाहीत. पण एक गोष्ट मी स्वतः करून पाहिली, ती सांगतो. ग्रंथात शके १११० बरोबर संवत्सराचं नाव दिलं आहे, साधारण. साठ संवत्सरांचं चक्र असतं, साठ वर्षांनी नाव परत येतं. माझे एक मित्र पंचांग पाहतात. त्यांनी माझं जन्मवर्ष १९७० ऐकलं आणि म्हणाले, तुमचा जन्म शके १८९२ चा, साधारण संवत्सरातला. मी म्हटलं, हे कुंडली न पाहताही कुणी सांगितलं असतं! पण गंमत सोडा. १८९२ मधून साठाचे तेरा फेरे वजा करा. सातशे ऐंशी. उरतात ११२ नव्हे, १११२. म्हणजे आपल्याकडच्या गणनेनं साधारण संवत्सर शके १११२ ला येतं, १११० ला नाही. दोन वर्षांचा फरक. १११० ला येतं कीलक. आता ही लेखनिकाची चूक, की तो मजकूर मागाहून कुणी घातला, की मोजणीची पद्धत वेगळी? जाणकारांनी यावर आधीच पुष्कळ काथ्याकूट केलेला आहे. पण वहीवर स्वतः वजाबाकी करून तो फरक समोर आल्यावर माझी टाळ्यांची प्रस्तावना बंद झाली, ती कायमची.

याउलट जिथे कोडं पद्धतशीर सोडवलेलं आहे तेही आमच्याच भागात पाहायला मिळतं. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी, नागपूरचे. जन्म १८९३, म्हणजे सेयर्सबाईंच्याच वर्षी. भवभूतीनं आपलं गाव पद्मपूर असं सांगितलं आहे. विद्वान त्याला शोधत ग्वाल्हेरकडे पवाया इथल्या पद्मावतीपर्यंत गेले, कारण ‘मालतीमाधव’ नाटक पद्मावतीत घडतं. मिराशींनी दुर्गला सापडलेला वाकाटकांचा ताम्रपट पुढे ठेवला, तो पद्मपुराहून दिलेला. आणि आमगावजवळचं पदमपूर दाखवलं, जे तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं आणि १९९९ साली गोंदिया वेगळा झाल्यावर तिकडे गेलं. नाटक जिथे घडतं ते नाटककाराचं गाव असायलाच हवं असं नाही, हा त्यातला साधा मुद्दा. ‘मेघदूता’तला रामगिरी म्हणजे रामटेक, हेही त्यांनी हिरिरीनं मांडलं, त्यालाही विरोधक होते आणि आहेत, पण तिथे १९९७ साली कालिदासाच्या नावानं संस्कृत विद्यापीठ निघालं. तसंच लीळाचरित्राच्या पुण्याईनं रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. म्हणजे या प्राध्यापकांच्या भांडणांवर पुढे इमारती उभ्या राहतात, पदं निघतात. आंभोऱ्याबद्दल लोक हळवे होतात त्यात हाही भाग आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

२०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि गावोगाव कार्यक्रम झाले. आमच्याकडच्या एका कार्यक्रमाचं सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. ऐन वेळी संयोजकांनी टाइप केलेला ठराव हातात दिला. मुकुंदराजांची भूमी आंभोराच, हे निर्विवाद सिद्ध झालेलं आहे, असं त्यात होतं. मी म्हटलं, ‘निर्विवाद’ काढा, ‘सिद्ध’ही काढा, बाकी आनंदानं वाचतो. ते म्हणाले, अहो, एवढं कोण बघतं? मागून कुणीतरी हळूच बोललं, ‘‘यांना काय पडलंय मुकुंदराजांचं!’’ मला ते ऐकू आलं. मी ठराव वाचला नाही, दुसऱ्या कुणीतरी वाचला. टाळ्या झाल्या. परत येताना मला त्या माणसाचा राग येत नव्हता, स्वतःचा येत होता. एका शब्दासाठी अडून बसलो होतो मी, आणि पुराव्याचं अख्खं पान माझ्या ट्रंकेत होतं.

मराठवाड्याचे सर २०११ मध्येच गेले. त्यांना सांगायचं राहिलं ते राहिलंच. नदीकाठचे सर आहेत, ऐंशीच्या पुढचे, कान गेलेत, पान सुटलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लॅस्टिकच्या पिशवीत तो कागद घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. मोठ्यानं ओरडून सगळं सांगावं लागलं. गुन्हा कबूल करताना शेजारची बाई ओट्यावर येऊन उभी राहिली. सरांनी भिंग मागवलं. बराच वेळ समास वाचत राहिले. मधेच हसले. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, ‘‘हे त्याचं बरोबर होतं. मी तेव्हा मानलं नाही.’’ मग म्हणाले, ‘‘तू कापलंस होय! मी त्याला चोर म्हणालो होतो. प्राचार्यांसमोर.’’

मी मान खाली घालून उभा. त्यांनी मला बस म्हटलं नाही. नातवाला हाक मारून पेन्सिल आणायला सांगितली. हात कापत होता, अक्षर मोठं आणि वेडंवाकडं आलं. ‘शारंगधर कोण?’ याच्याखाली त्यांनी लिहिलं, ‘सापडला नाही.’ आणि तारीख घातली.

‘‘ग्रंथालयात नेऊन दे,’’ म्हणाले. ‘‘आणि त्या शिपायाच्या घरी जा.’’

शिपाई मामांच्या घरी जाऊन आलो. मामा नाहीत, त्यांच्या मुलाला सांगितलं. तो म्हणाला, बाबा तुमच्या कविता पेपरात आल्या की दाखवायचे. ग्रंथालयातही गेलो. नव्या ग्रंथपालबाईंनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, मग जुनं रजिस्टर काढलं. विवेकसिंधूची ती प्रत ‘जीर्ण व अपूर्ण’ म्हणून कधीच रद्द केलेली होती. त्या म्हणाल्या, ‘‘सर, पुस्तकच नाही, तर पान कशात जमा करू?’’ त्यांचंही बरोबर होतं. दंडाची पावती फाडा म्हटलं तर हसल्या.

पान माझ्याकडेच आहे. आंभोऱ्याला हल्ली डोंग्याची गरज राहिलेली नाही, नवा मोठा पूल झाला आहे, गोसीखुर्द धरणाचं पाणी मागे चढल्यानं संगमही पूर्वीसारखा दिसत नाही, पाच नद्या वेगळ्या ओळखू येत नाहीत. अब्बा जिथे चादर अंथरायचे ती रेती पाण्याखाली आहे. येत्या शिवरात्रीला सरांना घेऊन जायचं ठरलंय. त्यांनी सांगून ठेवलंय, पान बरोबर आण, आणि पेन्सिलही.